कशावरून बाई

भूगोलाच्या पुस्तकात क्षेत्रभेटीचा एक धडा असतो. बऱ्याच शाळांत तो बाकावर बसूनच होतो. गाईडमध्ये तयार अहवाल मिळतो, उद्देशापासून निष्कर्षापर्यंत. मुलं तो उतरवून काढतात आणि शेवटी कधीच न भेटलेल्या सरपंचांचे मनःपूर्वक आभार मानतात. नाशिक रोडच्या आमच्या शाळेतही हेच चालायचं. आहेर बाई रुजू झाल्या आणि ते बंद झालं.

मी त्या शाळेत मराठी शिकवायचे. बाई माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. ठेंगण्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट बरे दिसत नाहीत, असं कुणीतरी एकदा सुचवून पाहिलं. "कोणाला?" एवढंच बाईंनी विचारलं आणि चहाचा कप पुढं ओढला. शिक्षकांना त्या नावानं हाक मारत नसत, विषयानं मारत. "ए मराठी, चल डबा खाऊ." "गणित कुठं गेलं?" "इंग्रजीला ताप आलाय म्हणे." मुख्याध्यापक इतिहास शिकवायचे. त्यांना तोंडावर सर म्हणायच्या, पण स्टाफरूममध्ये येऊन हळूच सांगायच्या, "आज इतिहास चिडलाय, जरा जपून."

बाईंचं माहेर सटाण्याकडचं. एरवी त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत, पण खूप आनंद झाला की, किंवा मनाला फार लागलं की, तोंडातून अहिराणी बाहेर पडे. त्यामुळं बाईंच्या मनात काय चाललंय हे आम्हाला शब्दांआधी भाषेवरून कळायचं.

‘कशावरून बाई’ हे नाव मुलांनी ठेवलेलं. बाईंचा ‘म्हणून’ या शब्दावर कडक पहारा असे. "बाई, इथं पाऊस कमी पडतो, म्हणून लोक गरीब आहेत," असं कुणी म्हटलं की बाई बोट वर करायच्या. "थांब. पाऊस कमी पडतो, ठीक. लोक गरीब आहेत, तेही मानू. आता मधला ‘म्हणून’ कशावरून आणलास?" पोरगं गडबडायचं. मग बाईच धीर द्यायच्या. "आधी दिसलेलं सांग. वाटलेलं मागनं सांग. घाई कसली आहे?" ही सवय घरीही सुटत नसे. बाईंचे यजमान, आहेर काका, इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेले, शांत गृहस्थ. एकदा त्यांच्याकडं जेवायला गेले होते तेव्हा ते मला म्हणाले, "आमटीत मीठ कमी आहे म्हटलं तरी हिचं कशावरून असतंच. मग मी आमटीची वाटीच तिच्यापुढं सरकवतो." बाई वाटीतला घोट घेऊन म्हणाल्या, "निरीक्षण बरोबर आहे," आणि मीठ आणायला उठल्या.

त्यांच्याबरोबर पहिल्यांदा क्षेत्रभेटीला गेले ती गंगापूरच्या बाजूला, नदीवर. मुलींवर लक्ष ठेवायला आणखी एक शिक्षिका हवी म्हणून मला धाडलं होतं. बसमध्ये पाहते तर मागच्या बाकावरच्या मुली भराभर काहीतरी लिहीत होत्या. "काय गं?" तर म्हणाल्या, "निष्कर्ष लिहितोय बाई. आत्ताच उरकला की येताना अंताक्षरी खेळता येते." मला हसू आवरेना. मी पुढं जाऊन आहेर बाईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

नदीवर पोचल्यावर त्यांनी सगळ्यांना काळ्या खडकावर बसवलं आणि त्यातल्या एकीला तिचा निष्कर्ष वाचायला लावला. "नदी ही आपली माता आहे. तिचे प्रदूषण रोखणे ही काळाची गरज आहे." बाई म्हणाल्या, "छान. अक्षरही छान आहे. आता यातलं इथं काय काय दिसतंय, ते मला दाखव." मुलगी इकडंतिकडं बघायला लागली. मग बाईंनी साऱ्यांना गप्प बसून नुसतं बघायला सांगितलं. पंधराएक मिनिटं झाली असतील. मी स्वतः कंटाळून घड्याळ बघत होते. तेवढ्यात तीच मुलगी खडकातल्या एका खळग्याशी ओणवी झाली आणि म्हणाली, "बाई, हा खळगा गोल आहे आणि आतला गोटापण गोल आहे. मग कोणी कोणाला गोल केलं?"

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "हाऊ बठ्ठा पानीना खेळ शे!" त्या ओरडल्या. हा सगळा पाण्याचा खेळ आहे, हे अहिराणीतलं मुलींना कळलं नाही, पण बाई खूश झाल्या एवढं कळलं. पुढचा अर्धा तास त्या मुलीशी खडकावर मांडी घालून पाणी, दगड आणि भोवरा यांवर गप्पा मारत बसल्या. येताना अंताक्षरी झाली आणि त्यात बाईंचा आवाज सर्वांत वर होता. म्हणजे बस सपाट रस्त्यावर होती तोवर. कारण बाईंना गाडी लागायची. जन्मभर डोंगरदऱ्या हिंडलेली बाई, पण चार वळणं आली की तोंडात लिंबाची फोड धरून, डोळे मिटून बसायची.

बाईंच्या मार्क देण्याच्या पद्धतीनं शाळेत मोठा घोळ व्हायचा. एकदा नववीला त्यांनी सिन्नरच्या आठवडे बाजारात नेलं. एका गटानं दिवसभर विचारपूस केली आणि अहवालाच्या शेवटी लिहिलं, "निष्कर्ष : दुपारनंतर भाजीवाले कमी का होतात, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. पुन्हा जावं लागेल." बाईंनी त्यांना पैकीच्या पैकी मार्क दिले. त्याच वर्गात ओंकार नावाचा अतिशय हुशार मुलगा होता. बोलायला चुणचुणीत, प्रत्येक प्रश्नाला त्याचा हात वर. त्यानं चार पानं निष्कर्ष लिहिला होता आणि त्याचे दोन मार्क गेले होते. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत हजर.

"मॅडम, ज्याला काही कळलं नाही त्याला जास्त, आणि ज्याला सगळं कळलं त्याला कमी?"

बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला. म्हणाल्या, "तुमचा मुलगा फार हुशार आहे. पण ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची त्याला भीती वाटते. ही भीती आत्ताच गेली तर पुढं सुखी होईल. दोन मार्क त्या भीतीचे कापलेत." वडील चहा पिऊन गेले. त्यांना ते पटलं की नाही, मला कळलं नाही.

त्याच वर्षीची सुरगाण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मला आहेर बाई सांगता येणार नाहीत.

जानेवारी होता. नववीचा तोच वर्ग. बाईंच्या ओळखीचे एक शिक्षक सुरगाण्याच्या आश्रमशाळेत होते, त्यांनी जवळचा एक पाडा सुचवला होता. मुलांनी घरं, शेती, पाणी यांची पाहणी करायची आणि लोकांशी बोलायचं, असा बेत. वर्गात यशोदा गावित नावाची मुलगी होती. ती तिकडचीच. नाशिकला वसतिगृहात राहून शिकायची. उंच, किडकिडीत, वर्गात क्वचित बोलणारी. तिनं सहलीला नाव दिलं नाही. बाईंना वाटलं, वसतिगृहातून परवानगी मिळत नसेल. त्या स्वतः गृहपाल बाईंना जाऊन भेटल्या, जबाबदारी घेतली आणि परवानगी काढून आणली. यशोदाला म्हणाल्या, "तुझ्याच तालुक्यात चाललोय गं. तू नाहीस तर कसं चालेल?" यशोदा बरं म्हणाली. तिच्या गावाचं म्हणून जे नाव शाळेच्या रजिस्टरात होतं, ते जवळच्या मोठ्या गावाचं होतं. पाड्यांची नावं रजिस्टरात कोण लिहितं?

बस दिंडोरीवरून निघाली. दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या बागा, कागद लावलेले घड, रस्त्याकडेला क्रेट भरलेले टेम्पो. मुलं गाणी म्हणत होती. यशोदा खिडकीला नाक लावून बाहेर बघत होती. वणी मागं पडलं, घाट सुरू झाला आणि बाईंनी लिंबू काढलं.

पाडा डोंगराच्या कुशीत होता. कुडाच्या, शेणानं सारवलेल्या भिंती, वर कौलं. भाताच्या खाचरांत नुसते खुंट उरलेले. उतारावरची नागलीची, म्हणजे नाचणीची, शेतं रिकामी. बहुतेक दारांना कुलपं. एखाददुसरी म्हातारी, काही शेळ्या, दोन-तीन कोंबड्या. मुलं गटागटानं फिरली, यशोदा मान खाली घालून सगळ्यांच्या मागं. ज्याला सावली होती अशा एका बंद घराच्या ओट्यावर सगळ्यांनी डबे खाल्ले. बाईंनी बजावलं, "मालक घरी नाहीत. ओटा होता तसा करून उठायचं." यशोदानं आपण होऊन कोपऱ्यातला खराटा घेतला आणि ओटा झाडून लख्ख केला. पाणीही शिंपडलं. बाई मुलींना म्हणाल्या, "बघा, कशी झाडते! नाहीतर तुम्ही."

परतताना ऊन उतरलं होतं. घाटात बाई पहिल्या बाकावर डोळे मिटून बसलेल्या. मुलांनीच ठरवलं की आता निष्कर्ष वाचायचे. ओंकार उभा राहिला, बसची दांडी धरून.

"निरीक्षण एक : शेतं पडीक. निरीक्षण दोन : भर दुपारी दारं बंद. निरीक्षण तीन : एका आजींना विचारलं, लोक कुठं गेले? त्या म्हणाल्या, सगळी जगायला गेली. म्हणजे मजा करायला! निष्कर्ष : येथील लोक आळशी आहेत, म्हणून हा भाग मागासलेला आहे."

बस हसली. टाळ्या पडल्या. आहेर बाईंचे डोळे मिटलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी यशोदा शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा होत आला तसा बाईंचा कशात जीव लागेना. वसतिगृहात चौकशी केली तर गृहपाल बाई म्हणाल्या, "तिनं घरी फोन केला, आई येऊन घेऊन गेली. दिंडोरीकडं कुठल्याशा बागेत आहेत ते लोक." बाईंनी बागेचा पत्ता मिळवला. रविवारी सकाळी माझ्या दारात उभ्या. "मराठी, चप्पल घाल."

बागेत तोडणी चालली होती. मांडवाखाली बायका वाकून घड कापत होत्या. साडीवर पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल. बांधाच्या पलीकडं निळ्या-काळ्या ताडपत्रीच्या झोपड्या. यशोदा एका क्रेटपाशी बसून छोट्या कात्रीनं घडातले खराब मणी काढत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि मान खाली घालून काम चालूच ठेवलं. बाई मांडवाखालून वाकत वाकत तिच्यापर्यंत गेल्या.

"काय व्हयनं, यशोदा?"

तिची आई हात पुसत आली. "बाई, ती बोलत नाय. आल्यापासून अशीच हाय. साळंत नाय जायचं, येवढंच म्हनती. पोरं हसली म्हनं."

"कोणाला हसली? तुला?" बाईंनी विचारलं.

यशोदानं कात्री खाली ठेवली. "बाई, आपण डबे खाल्ले ना, ते घर आमचं हाय."

मांडवात कुठंतरी रेडिओ वाजत होता. बाई तिथल्या एका उपड्या क्रेटवर बसल्या.

"तू ओटा झाडलास," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि मी म्हटलं, बघा कशी झाडते."

"हो."

"मी चुकनू, पोरी." बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं त्या नीट मराठीत बोलू लागल्या. "ओंकार वाचत होता तेव्हा मी झोपले नव्हते. सगळं ऐकलं. जगायला गेली म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. आमच्याकडंही माणसं जातात. मी तिथंच त्याला विचारायला हवं होतं. पोटात मळमळत होतं म्हणून गप्प बसले. एरवी साऱ्या जगाला विचारत फिरते."

यशोदाच्या आईला हे सारं कितपत कळलं, देव जाणे. तिनं तीन दगडांच्या चुलीवर कोरा चहा ठेवला. आम्ही तो प्यायलो. मग बाईंनी यशोदाला विचारलं, "वर्गाला इथं आणू? तू सांगशील त्यांना?"

"नको बाई." ती लगेच म्हणाली. "ते मला बघायला येतील."

बाईंच्या मनात तो बेत किती पक्का झाला होता, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण त्यांनी तो तिथल्या तिथं सोडला. "बरोबर आहे तुझं. नाही आणत."

"माझं नाव पण नका सांगू."

"नाही सांगत."

शाळेत ये, असा आग्रह त्यांनी केला नाही. उठताना फक्त म्हणाल्या, "खिडकीजवळची तुझी जागा आहे. तिथं मी कोणाला बसू देणार नाही." परतताना एस.टी. अगदी सरळ रस्त्यानं येत होती, तरी बाई डोळे मिटून बसल्या होत्या.

सोमवारी त्या वर्गात काय बोलल्या ते मी पाठीमागं उभी राहून ऐकलं. माझा तास संपला होता, पण पाय निघेना.

"सुरगाण्याचा अहवाल अपुरा आहे," बाई म्हणाल्या. "आणि तो माझ्यामुळं अपुरा राहिला. बसमध्ये एक प्रश्न विचारायचा होता, तो मी विचारला नाही. आता विचारते. ओंकार, जगायला जाणं म्हणजे काय?"

"मजा करायला जाणं, बाई."

"कशावरून?"

वर्गात कुणी हसलं नाही, कारण बाईही हसत नव्हत्या.

"माहीत नाही, बाई," तो म्हणाला.

"शाब्बास. मग शोधून काढा सगळ्यांनी. पुस्तकात नाही मिळणार. माणसांना विचारा."

त्यासाठी मुलांना फार लांब जावं लागलं नाही. ओंकारच्या सोसायटीशेजारी इमारतीचं काम चालू होतं. विटा वाहणाऱ्या एका बाईला त्यानं गाव विचारलं. ती पेठकडची निघाली. "इथं कशाला आलात?" तर ती म्हणाली, "जगायला आलो." तिचं तान्हं मूल वाळूच्या ढिगाशेजारी साडीच्या झोळीत झोपलं होतं. ओंकारनं हे वर्गात उभं राहून सांगितलं. सांगताना एरवीसारखे हातवारे नव्हते. सांगून झाल्यावर तो बराच वेळ उभाच होता. शेवटी बाईंनी त्याला बस म्हटलं.

त्याच आठवड्यात यशोदाची आई तिला घेऊन शाळेच्या फाटकाशी आली. बाई धावत गेल्या. आई म्हणाली, "तुमी उनाचं येवढ्या लांब आल्या. म्या हिला म्हनलं, बाई येती तर तू बी जा." यशोदा खिडकीजवळच्या जागेवर जाऊन बसली. बाईंनी हजेरीत तिचं नाव घेतलं, ती हजर म्हणाली आणि तास सुरू झाला. मुख्याध्यापकांनी नंतर खोदून खोदून विचारलं की ही मुलगी इतके दिवस कुठं होती. बाई म्हणाल्या, "घरी काम होतं, सर." मलाही दम भरला होता, "मराठी, गोष्ट रचून सांगायची सवय आहे तुला. ही सांगायची नाही." आज मी ही गोष्ट लिहितेय ती यशोदाला विचारून.

पावसाळ्यात तोच वर्ग, आता दहावीत गेलेला, पुन्हा सुरगाण्याला न्यायचं बाईंनी ठरवलं. पालकांची कुरकुर झाली. दहावीचं वर्ष, पावसाचे दिवस, घाटाचा रस्ता. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एकदा झालंय ना ते?" बाई म्हणाल्या, "अर्धं झालंय, सर." पण त्याआधी त्यांनी यशोदाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "दुसरा पाडाही बघता येईल. तू म्हणशील तसं." यशोदानं दोन दिवस विचार केला. मग येऊन म्हणाली, "आमच्याच पाड्यात जाऊ. पण पुढं मी चालणार."

त्या दिवशी आम्ही छत्र्या सावरत, चिखल तुडवत तिच्या मागं गेलो. जो डोंगर जानेवारीत भुंडा दिसला होता तो ओळखू येईना. खाचरांत पाणी भरलेलं, गुडघाभर चिखलात बायका-माणसं ओळीनं वाकलेली, भाताची आवणी चाललेली. हाका, हसणं, बैलांना ओरडणं. यशोदा सरळ त्या घरापाशी गेली. दार उघडं होतं. आतून तिची आई ओल्या हातांनी बाहेर आली.

यशोदा वळली आणि वर्गाला म्हणाली, "ही माझी आई. हे आमचं घर."

मुलींना ओटा ओळखू आला, हे त्यांच्या तोंडांवर दिसलं. ओंकार सर्वांत पुढं होता. त्यानं घराकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"हे तेच?"

"तेच."

त्यानं खाली वाकून चिखलानं भरलेले बूट काढले, बाजूला ठेवले आणि मगच ओट्यावर चढला. त्याच्या मागोमाग सगळ्यांनी काढले. यशोदाची आई म्हणत राहिली, "अरं राहू द्या, राहू द्या," पण कुणी ऐकलं नाही. त्या ओट्याखाली पायताणांचा जो ढीग झाला, तो बघून आहेर बाई पदरानं चष्मा पुसायला लागल्या. पुसून झाला तरी पुसतच होत्या.

मग काय विचारता! यशोदानं सगळ्यांना खाचरात उतरवलं. रोप कसं धरायचं, किती खोल लावायचं, हे ती ओरडून ओरडून सांगत होती. वर्गात जिचा आवाज कधी ऐकला नव्हता ती ही मुलगी, यावर माझा विश्वास बसेना. ओंकार दोनदा चिखलात बसला. यशोदाची आई पोट धरून हसली, आणि तिच्या हसण्यात यशोदाही हसली. दुपारी नागलीची भाकरी आणि ठेचा. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून जानेवारीत भेटलेल्या त्या आजीबाईंच्या तोंडात घातला, आजीबाईंनी बाईंच्या घातला.

येताना घाटात बाईंनी लिंबू तोंडात धरलं, पण या वेळी डोळे ताठ उघडे ठेवले. चेहरा पांढराफटक झाला होता. म्हणाल्या, "वाचा कोण वाचतंय ते." कुणी उठेना. शेवटी ओंकार उभा राहिला. हातात काही कागद नव्हता.

"बाई, इथले लोक पावसाळ्यात इथं काम करतात. हिवाळ्यात जाऊन तिकडं बागेत, बांधकामावर काम करतात. आम्ही दोन्ही वेळेला सहलीला जातो." थोडा थांबून तो म्हणाला, "आळशी कोण, ते प्लीज विचारू नका."

बसमध्ये हशा पिकला. यशोदा मागच्या बाकावरून म्हणाली, "तू दोनदा पडला, ते पण लिही." बाईंनी लिंबू काढून हसून घेतलं आणि घाईनं परत तोंडात टाकलं.

यशोदा दहावी झाली, बारावी झाली आणि नर्सिंगला गेली. बाई निवृत्त झाल्या. गुडघ्यांनी दगा दिला. घराच्या गॅलरीत बसून त्या समोरच्या रस्त्यावरची रहदारी बघायच्या आणि जाता-येता भेटणाऱ्यांना त्याबद्दल नाही नाही ते प्रश्न विचारायच्या. काका गेल्यावर त्या थोड्या अबोल झाल्या. मी गेले की आमटी करायच्या, आणि मी पहिला घास घेतला की माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. मीठ बरोबर आहे, असं मी सांगेपर्यंत.

गेल्या उन्हाळ्यात यशोदाचं लग्न झालं. तिकडच्याच एका आरोग्य केंद्रात ती नोकरी करते, नवराही तिथलाच. ती स्वतः येऊन बाईंना पत्रिका देऊन गेली. "बाई, तुम्हाला झेपणार नाही, पण सांगितल्याशिवाय राहवेना." बाईंनी मला फोन केला. "मराठी, तुझ्या पोराची गाडी रिकामी आहे का?" माझ्या मुलानं आम्हाला नेलं. काठी टेकत टेकत बाई मांडवात पोचल्या तेव्हा यशोदाच्या आईनं त्यांना जवळजवळ उचलूनच खुर्चीवर बसवलं.

लग्न लागलं, जेवणं झाली. डीजे थकून बंद झाला. मग पाड्यातल्या एका म्हाताऱ्यानं फुंकायची पावरी काढली, कुणी संबळ घेतला. बायका एकमेकींच्या कमरेला हात घालून गोल धरू लागल्या. मी हात धुऊन आले तर बाई खुर्चीवर नाहीत. घाबरून पाहिलं. त्या गोलात होत्या. एका बाजूनं यशोदाची आई, दुसऱ्या बाजूनं हळदीच्या अंगाची यशोदा, आणि दोघींच्या मध्ये आहेर बाई. पाय उचलत नव्हते. त्या दोघीच त्यांना ठेक्यावर इकडून तिकडं झुलवत होत्या. काठी कुठंतरी पडली होती.

माझ्या मुलाला संध्याकाळच्या आत घाट उतरायचा होता. मी गोलाच्या कडेनं चालत हाक मारली, "बाई, निघायचं का? उशीर होतोय."

बाईंनी मान वळवली. घामानं कुंकू पसरलं होतं. "तू जा, मराठी," त्या म्हणाल्या. "मी राहते. ह्या मला उद्या सोडतील."

"अहो, औषधं?"

"आनेल शेत," त्या म्हणाल्या आणि कमरेची औषधांची पिशवी थोपटली. म्हणजे राहायचं त्यांनी घरूनच ठरवून आणलं होतं.

नंतरच्या पावसाळ्यात बाई गेल्या. झोपेतच गेल्या. मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्यात होते, मला पोचता आलं नाही. त्यामुळं बाई मला शेवटच्या दिसल्या त्या लग्नाच्या दिवशी. गाडीत बसताना मी वळून पाहिलं. गोल आता मोठा झाला होता, धूळ उडत होती, आणि बायकांच्या रांगेत बाईंचा पांढरा अंबाडा थोडा मागं राहायचा, पुन्हा ओढून पुढं घेतला जायचा. मुलानं हॉर्न वाजवला. त्यांनी वळून पाहिलं नाही.